लढाई दोन वर्षांची, दुखणे तीस वर्षांचे

१८८९ साली मुंबई इलाख्यात खेड्यांच्या स्वच्छतेसाठी कायदा झाला. शहापूर आणि मुरबाड हे तेव्हाही ठाणे जिल्ह्याचे तालुके होते. म्हणजे पुण्या-साताऱ्याच्या खेड्यांइतकाच हा कायदा माहुली आणि सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावांसाठीही होता. खेड्यातले पिण्याचे पाणी स्वच्छ राहावे, त्याची जबाबदारी गावातल्याच लोकांवर असावी आणि त्यासाठी पैसा मिळावा, म्हणून या काळात एक बाई सरकारशी भांडत होत्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. त्या हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील घरातल्या खोलीतून, बहुतेकदा पलंगावर उशांना टेकून, त्यांनी हे काम केले. त्यांचे नाव फ्लॉरेन्स नाईटिंगेल.

शाळेच्या पुस्तकात त्या हातात दिवा घेऊन उभ्या असतात. ते चित्र क्रिमियाच्या युद्धातले आहे आणि ते युद्ध त्यांच्यापुरते जेमतेम पावणेदोन वर्षांचे होते. युद्धावरून परतल्यावर त्या ५४ वर्षे जगल्या. त्यांतली पंचवीस-तीस वर्षे त्या आजारी होत्या. या आजारपणाची गोष्ट दिव्याच्या गोष्टीइतकी सांगितली जात नाही.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांनी घरीच उत्तम शिकवले. गणिताची गोडी लागली. रुग्णसेवा हे तेव्हा घरंदाज बाईचे काम नव्हे, म्हणून घरच्यांनी वर्षानुवर्षे अडवले. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. तुंबलेली गटारे, घाण पाणी आणि दाटीवाटीने टाकलेले जखमी, असे ते रुग्णालय. सैनिक गोळीपेक्षा हगवण, पटकी आणि तापानेच अधिक मरत होते.

मे १८५५ मध्ये त्या समुद्र ओलांडून प्रत्यक्ष क्रिमियात, बालाक्लाव्हाला गेल्या. तिथे थोड्याच दिवसांत त्यांना जबर ताप भरला. दोन आठवडे त्या जगतील की नाही याची खात्री नव्हती. केस कापावे लागले. दुखणे निवळताच घरी परतण्याचा सल्ला मिळाला. तो त्यांनी मानला नाही आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिल्या. या तापाला सैन्यातले डॉक्टर नुसते क्रिमियन ताप म्हणत. त्या एका नावाखाली बहुधा तीन-चार निरनिराळे रोग होते.

ऑगस्ट १८५६ मध्ये त्या मायदेशी परतल्या तेव्हा खंगलेल्या होत्या. वर्षभर लष्कराच्या आरोग्याच्या चौकशीसाठी त्यांनी रात्रंदिवस आकडे जमवले आणि १८५७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्या कोसळल्या. छातीत धडधड, धाप, झोप नाही, अन्नावर वासना नाही. मग बरे वाटे, पुन्हा उलटे. १८६१ च्या अखेरीस पाठीच्या कण्यात असे दुखू लागले की पुढची काही वर्षे चालणेच बंद झाले. घर बदलताना त्यांना उचलून न्यावे लागे. वेदना थांबवायला अफूच्या अर्काची सुई टोचून घ्यावी लागली.

याच काळात हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची राजनियुक्त चौकशी चालली होती. ठाण्याठाण्यांना धाडायची प्रश्नावली नाईटिंगेल यांनी तयार केली आणि आलेली उत्तरे अंथरुणावर पडूनच वाचली. १८६३ च्या अहवालातून दिसले की या देशात दरवर्षी हजारी ६९ गोरे शिपाई मरत होते, आणि बहुतेक रोगाने. पाणी, मोऱ्या आणि बराकी सुधारल्यावर दहा वर्षांत हा आकडा १८ पर्यंत खाली आला. त्यात एतद्देशीय शिपाई आणि खेड्यातली रयत मोजलेली नव्हती, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. पुढचे त्यांचे सारे हिंदुस्थानविषयक काम त्या न मोजलेल्या माणसांकडे वळले.

आता त्यांच्या दुखण्याला लोकांनी काय नाव दिले ते पाहू.

१८६० च्या दशकात ब्रिटिश लष्करी डॉक्टर परतलेल्या सैनिकांच्या छातीतली धडधड अभ्यासत होते. पाठीवरच्या पिशवीचे पट्टे छातीवर आवळले जातात म्हणून असे होत असावे, असे त्यांचे एक अनुमान होते. अमेरिकेतील यादवी युद्धातल्या सैनिकांवर जेकब डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये निबंध लिहिला आणि त्या लक्षणांना पुढे सैनिकी हृदय हे नाव पडले. दोन्हीकडे डॉक्टरांनी कारण शरीरात किंवा कामात शोधले. पट्ट्यांचे अनुमान चुकीचे का असेना, शोधले तरी! नाईटिंगेल यांची धडधड मात्र मज्जातंतूंच्या थकव्यात जमा झाली. पुढे काही चरित्रकारांनी तर भेटायला येणाऱ्यांना टाळण्यासाठी केलेले ते सोंग ठरवले. सर जॉर्ज पिकरिंग या नामवंत डॉक्टरांनीही १९७४ मध्ये त्यांच्या आजाराचे मूळ मनातच मानले. त्यांच्या त्या पुस्तकात चार्ल्स डार्विनही त्याच रांगेत आहे, तेव्हा केवळ बाई म्हणून पिकरिंग तसे म्हणाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण डार्विन रणभूमीवरून तापाने फणफणून आलेला नव्हता. नाईटिंगेल आलेल्या होत्या, आणि त्या तापाची नोंद होती.

ती नोंद १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डेव्हिड यंग यांनी पुन्हा उघडली. चढउतार करणारा ताप, धडधड, निद्रानाश, उदासी आणि सहा वर्षांनी कणा धरणारी वेदना हे सारे एका रोगात नीट बसते, असे त्यांनी दाखवले. तो रोग म्हणजे जुनाट ब्रुसेलोसिस, म्हणजेच माल्टा ताप. याचा जंतू १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी शोधला. (सूक्ष्मदर्शकाशी त्यांच्या बरोबरीने बसणाऱ्या पत्नी मेरी यांचे नाव फारसे कुणी घेत नाही.) तो शेळीच्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित यांच्या कामातून कळले, छावणीत ते दूध बंद करताच सैनिकांचे ताप झपाट्याने कमी झाले. नाईटिंगेल यांचे रक्त तपासणे आता शक्य नाही, त्यामुळे यंग यांचे निदान हे उत्तम अनुमान आहे, पुरावा नव्हे. तरी क्रिमियात कच्चे दूध सर्रास पोटात जाई आणि १८८० च्या सुमारास त्यांचे दुखणे हळूहळू ओसरले, या दोन्ही गोष्टी त्याला धरून आहेत.

सैन्यातून परतलेल्या स्त्रीचे दुखणे निराळ्या मापाने मोजले जाणे १९ व्या शतकात संपले नाही. अमेरिकेत माजी सैनिक स्त्रियांची संख्या मोठी आहे, म्हणून तिथली पाहणी उपयोगी. सांधे-स्नायूंची दुखणी आणि नैराश्य त्यांच्यात पुरुष सहकाऱ्यांपेक्षा अधिक आढळते. पुरुषांत बहिरेपणा अधिक. हृदयरोग हा पुरुषांचा म्हणून धरला जातो. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आघातानंतरचा मानसिक ताण असलेल्या माजी सैनिक स्त्रियांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार होण्याचा धोका तसा ताण नसलेल्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४४ टक्के जास्त दिसला. मनाचे दुखणे आणि शरीराचे दुखणे अशी वाटणी करून एकावर बोट ठेवणे किती धोक्याचे, हे त्यातून दिसते. भारतीय लष्करात वैद्यकीय आणि परिचर्या सेवांबाहेर स्त्री अधिकारी १९९२ पासून येऊ लागल्या. त्या पहिल्या तुकड्या आता पन्नाशी ओलांडत आहेत. त्यांच्या उतारवयातल्या आरोग्याची नोंद आपल्याकडे आत्ता कुठे सुरू व्हायला हवी.

ब्रुसेलोसिससाठी मात्र लष्करात जायची गरज नाही. शहापूर-मुरबाडकडे घरोघरी गाय, म्हैस किंवा शेळ्या असतात. पशुवैद्य या रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात: जनावर गाभण राहते आणि दिवस भरण्याआधीच गाभ टाकते. पडलेला गाभ, वार आणि गोठ्यातली घाण उचलायला पुढे होते ती बहुधा घरची बाई, तीही उघड्या हाताने. घरचा पुरुष फौजेत किंवा शहरात कामाला असेल तर दूध काढण्यापासून सगळा गोठा तिच्याच अंगावर. जंतू हाताच्या बारीक चिरेतूनही शिरतो आणि न उकळलेल्या दुधातूनही.

मग संध्याकाळी कणकण, रात्री घाम, आठवडाभर बरे आणि पुन्हा कणकण. कंबर आणि माकडहाड धरते. पुरुषाला हा रोग झाला तर कधी अंडकोश सुजतो, आणि ते दुखणे लपत नाही. बाईची कंबर दुखली तर कामाचा ताण, वय झाले, अशक्तपणा असे म्हणून ते सोडून दिले जाते. गर्भवतीचा गर्भपात झाला तरी गोठ्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. टायफॉइड किंवा मणक्याचा क्षय समजून भलतेच औषध चालू राहण्याचीही उदाहरणे असतात. रक्ताच्या तपासणीने निदान होते आणि दोन प्रतिजैविके मिळून किमान सहा आठवडे घेतल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. ताप उतरला म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या तर तो उलटतो. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी घरात जनावरे आहेत आणि एखादीने गाभ टाकला होता हे आपण होऊन सांगावे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना सरकारी मोहिमेत लस मिळते. ती पशुवैद्याकडूनच टोचून घ्यावी, कारण लशीतला जंतू जिवंत असतो.

नाईटिंगेल यांना असा काही उपाय मिळाला नाही. प्रतिजैविके यायला अजून कित्येक दशके होती. साठीनंतर प्रकृती सुधारली, तशा त्यांच्या मागण्याही वाढल्या. गावाच्या करातून आधी गावचे पाणी स्वच्छ करावे, उरलेले मग दुसरीकडे वापरावे, हे त्यांनी १८९० च्या दशकात सरकारला सांगून पाहिले. सरकारने मनावर घेतले नाही. योगायोग असा की १८९२ मध्येच शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईला जाऊ लागले. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. घरोघर जाऊन बायकांना आरोग्य समजावणाऱ्या शिकलेल्या बायका खेड्यात हव्यात, ही त्यांची दुसरी कल्पना. आशा सेविकांना ती ओळखीची वाटेल.

शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाचा मान घरच्यांनी नाकारला. गावच्या चर्चच्या आवारात पोचेपर्यंत त्यांची शवपेटी सैन्यातल्या सार्जंटांनी खांद्यावर वाहिली.