चार्ल्स गुडइयर: टायरवर नाव, खिशात कर्ज

गेल्या उन्हाळ्यात टेक्सासमधल्या माझ्या चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर चार टायरचे फोटो पाठवले. दादाने जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय, म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं छोटं घर. वहिनी आणि दोन मुलांना घेऊन लांबच्या ट्रिपला निघायचं होतं. टायरची नक्षी अगदी नव्यासारखी होती, कारण ट्रेलर वर्षातून जेमतेम तीन आठवडे रस्त्यावर असतो. तरी टायर बदलायचे का, आणि बदलायचे तर कोणत्या ब्रँडचे, असं तो विचारत होता. त्याच्या यादीत पहिलं नाव गुडइयर होतं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. ब्रँडची माहिती शोधता शोधता चार्ल्स गुडइयर या माणसाच्या आयुष्यात जाऊन पोचलो. दादाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं.

वितळणारं रबर

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. फिलाडेल्फियात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, ते बुडालं. तेव्हा अमेरिकेत कर्ज फेडलं नाही तर तुरुंगात टाकायचे. चार्ल्स आयुष्यात अनेकदा आत जाऊन आला.

१८३० च्या दशकात तिकडे रबराची मोठी क्रेझ होती. झाडाच्या चिकापासून बूट, कोट, पिशव्या बनायच्या, पण उन्हाळ्यात त्या वितळून चिकट व्हायच्या आणि थंडीत कडक होऊन तडकायच्या. लोक माल परत आणून द्यायचे, कंपन्या बुडायच्या. रसायनशास्त्राचं शिक्षण नसलेल्या चार्ल्सने हा प्रश्न सोडवायचंच ठरवलं.

घरातल्या चुलीवर तो रबरात काय काय मिसळून बघायचा: मॅग्नेशिया, चुना, नायट्रिक अ‍ॅसिड. एकदा अ‍ॅसिडची युक्ती जमली असं वाटलं आणि टपालाच्या पिशव्यांची सरकारी ऑर्डरही मिळाली. पण गरम खोलीत ठेवलेल्या पिशव्या थोड्याच दिवसांत चिकट होऊन लोंबल्या. पुन्हा कर्ज, पुन्हा घरातल्या वस्तू गहाण. बायको क्लॅरिसाने हे सगळं सोसलं. त्यांची काही मुलं लहानपणीच गेली.

चुलीवर पडलेला तुकडा

नॅथॅनियल हेवर्ड नावाच्या माणसाकडून चार्ल्सला रबरात गंधक मिसळायची कल्पना मिळाली. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी गंधक मिसळलेला तुकडा चुकून तापलेल्या चुलीवर पडला, असं सांगतात. तो वितळायला हवा होता. उलट तो चामड्यासारखा करपला आणि करपलेल्या भागाच्या कडेला लवचिक, टिकाऊ रबर तयार झालं होतं.

नेमकं काय झालं होतं? रबराचे रेणू लांबलचक दोऱ्यांसारखे असतात आणि गरम झाले की एकमेकांवरून घसरतात. गंधक आणि उष्णता मिळाली की या दोऱ्यांमध्ये छोटे छोटे पूल बांधले जातात. मग रबर ताणलं तरी परत मूळ आकारात येतं. याला व्हल्कनायझेशन म्हणतात.

पण उष्णता किती आणि किती वेळ? कमी पडली तर रबर चिकट राहतं, जास्त झाली तर जळतं. हे गणित बसवण्यात चार्ल्सची आणखी काही वर्षं गेली.

१५ जून १८४४ ला त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. इंग्लंडमध्ये मात्र थॉमस हँकॉकने आधीच अर्ज केला होता. अमेरिकेतल्या १८५२ च्या गाजलेल्या खटल्यात डॅनियल वेबस्टरसारखा बडा वकील लढला आणि चार्ल्स जिंकला, पण पैसा हातात टिकला नाही. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या काळात त्याला फ्रान्सचा सन्मान मिळाला आणि कर्जापायी तिथला तुरुंगही बघावा लागला. १ जुलै १८६० ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला तेव्हा मागे सुमारे २ लाख डॉलरचं कर्ज होतं.

डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं १८८८ मध्ये. आणि गुडइयर कंपनी निघाली १८९८ मध्ये, तीही दुसऱ्याच लोकांनी काढलेली. चार्ल्सच्या घराण्याचा तिच्याशी संबंध नाही, नाव फक्त त्याच्या मानार्थ दिलंय.

मग टायर कोणता घ्यायचा?

चार्ल्सच्या गोष्टीतून मला एक गोष्ट पक्की कळली: रबर कारखान्यातून बाहेर पडलं तरी बदलायचं थांबत नाही. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन त्या पुलांच्या जाळ्यात ढवळाढवळ करत राहतात. रबर हळूहळू कडक होतं, तडकतं. उभ्या ट्रेलरचा टायर झिजत नाही, पण म्हातारा होतो. म्हणून दादाला मी एवढं लिहून पाठवलं:

- वय बघ. टायरवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे शोध. २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते, तेव्हा आतल्या बाजूलाही वाकून बघ. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही छान असो, बदल. दुकानातल्या नव्या टायरचीही तारीख बघ.
- एसटी लिहिलेला घे. ही आपली लालपरी नव्हे, स्पेशल ट्रेलर! साइझ आणि लोड रेंज ट्रेलरच्या स्टिकरप्रमाणे.
- वजन कर. पाणी, गॅस, सामान भरून काट्यावर ने. टायरची क्षमता त्या वजनापेक्षा बऱ्यापैकी जास्त हवी.
- हवा आणि वेग सांभाळ. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो आणि तापतो. हवा सकाळी टायर थंड असताना तपास. टायरच्या वेगमर्यादेबाहेर जाऊ नकोस.

ब्रँडचा नंबर यानंतर.

दादाने वाकून बघितलं, तर चारही टायर नऊ वर्षांचे निघाले. त्याने चारही बदलले, शिवाय स्टेपनीसुद्धा. ट्रिप नीट पार पडली.

तुमच्याकडे ट्रेलर नसेल, पण स्कूटी तर असेल? मोबाईलचा टॉर्च लावा आणि ते चार आकडे आजच शोधा.