जेजे, पोहा आणि पापड

पोहा आणि पापड ही नावं वाचून तुम्हाला भूक लागली असेल, तर सॉरी. हे दोघं डॅशहंड आहेत. लांबलचक पाठ, आखूड पाय, लोंबणारे कान. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कुणीतरी त्यांना पेणजवळ हायवेच्या कडेला सोडून गेलं. पोहा पेणला माझ्या आत्याकडे राहिला आणि पापडला आम्ही रोह्याला घरी आणलं. पहिले आठ दिवस पापड कॉटखालून बाहेरच येईना. गाडीचा हॉर्न वाजला की थरथरायचा. आता आजोबांची आरामखुर्ची त्याच्या मालकीची झालीय आणि आजोबा चटईवर बसतात. तिकडे पोहा आत्याच्या मागे मागे भाजी आणायला जातो.

दोघांचा रंग काळा, आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तपकिरी ठिपका. लांबून पाहिलं तर चार डोळे असल्यासारखं वाटतं. या ठिपक्यांबद्दल शोधता शोधता मी एका अशा माणसापर्यंत पोहोचले, ज्याचं नाव तुम्ही-आम्ही रोज घेतो, पण तो कोण होता ते आपल्याला माहीत नसतं. हा माणूस म्हणजे जेजे.

आपल्याकडे पेण काय किंवा रोहा काय, पेशंट सिरियस झाला की कुणीतरी म्हणतंच, जेजेला हलवा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हात बसलेल्या कितीतरी मुलांचं स्वप्न जेजेला ॲडमिशन मिळवायचं असतं. मुंबईला गेलात तर जेजेच्या फ्लायओव्हरवरून गाडी जाते. हॉस्पिटल आणि कॉलेजच्या मराठी नावांत 'सर ज. जी.' असं असतं. त्यातले ज. जी. म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय.

जमशेटजींचा जन्म १७८३ सालचा. घरची परिस्थिती बेताची. तुम्ही अकरावी-बारावीत असता त्या वयात, १७९९ साली, त्यांचे आई आणि वडील दोघंही गेले. शिक्षण जवळपास नाहीच. सोळा वर्षांच्या या पोरक्या मुलाला मुंबईत त्याच्या मामानं आपल्याकडे घेतलं. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्यांचा. जमशेटजी त्या दुकानात कामाला लागले, म्हणून त्यांना बाटलीवाला असंही म्हटलं जायचं. पुढे १८०३ मध्ये याच मामांच्या मुलीशी, आवाबाईंशी, त्यांचं लग्न झालं. थोडक्यात, शहरातल्या या सगळ्यात मोठ्या दानशूर माणसाला आधी कुणीतरी घरात घेतलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तरुणपणीच ते व्यापारासाठी चीनला गेले. अशा एकूण पाच सफरी त्यांनी केल्या. त्यातल्या एका सफरीत, १८०५ मध्ये, त्यांचं 'ब्रन्सविक' हे जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि आफ्रिकेच्या टोकाशी केपला नेलं. माल गेला, पैसा गेला, जमशेटजी कसेबसे परतले. पण त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण डॉक्टर होता. पुढे त्या डॉक्टरनं वैद्यकी सोडून व्यापार धरला आणि १८३२ मध्ये कँटनला 'जार्डिन मॅथेसन' कंपनी उभी राहिली. तिच्याशी जमशेटजींचा व्यवहार अनेक वर्षं चालला. इथून कापूस जायचा आणि अफूही जायची.

इथे जरा थांबूया. जमशेटजींवरच्या कौतुकाच्या लेखांत हा अफूचा भाग पटकन उरकतात. पण माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि तिथे घरंच्या घरं उद्ध्वस्त व्हायची, ही खरी गोष्ट आहे. याच व्यापारावरून ब्रिटन आणि चीनचं युद्ध झालं. ते १८४२ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी जमशेटजींना नाइटहूड मिळालं. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. तो व्यापार तेव्हा इथले इंग्रज बेकायदा मानत नव्हते, ईस्ट इंडिया कंपनी स्वतःच अफू पिकवून विकत होती, हे सगळं खरं. पण त्यामुळे हिशेब शून्यावर येत नाही. मला अजून तो जमलेला नाही. तुम्हाला जमतोय का बघा.

आता कुत्र्यांकडे येऊ. तेव्हाच्या मुंबईत उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायची पद्धत इंग्रज सरकारनं सुरू केली होती. १८३२ मध्ये ही मोहीम जूनपर्यंत लांबवली गेली. मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळायचे, म्हणून मारणारे कुणाच्या दारातलं पाळीव कुत्रंही सोडत नव्हते. ६ जूनला पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. नेमकं त्याच दिवशी फोर्टात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली. पारश्यांच्या सोबत जैन आणि हिंदू व्यापारीही उतरले. कुलाब्याच्या छावणीतल्या गोऱ्या सैन्याला जाणारा खाण्यापिण्याचा माल अडला. सरकारनं सैन्य आणलं, धरपकड केली. आधुनिक मुंबईतली नोंद झालेली ही पहिली दंगल मानतात. तीही कुत्र्यांसाठी!

पारशी एवढे का चिडले? त्यांच्या धर्मात कुत्र्याला फार मान. माणूस गेला की अंत्यविधीत कुत्र्याला मृतदेहाजवळ आणतात, त्याला 'सगदीद' म्हणतात. त्यासाठी डोळ्यांवर ठिपके असलेलं कुत्रं सगळ्यात चांगलं, कारण ते चार डोळ्यांचं. जेवताना कुत्र्यासाठी घास काढून ठेवायची रीतही त्यांच्यात आहे. असा प्राणी रस्त्यात काठ्यांनी मारलेला कोण बघून घेईल?

दंगल शमली. कुत्री मारू नका, पकडून शहराबाहेर न्या, असा तोडगा पुढे आला. पण बाहेर म्हणजे कुठे? त्यांना खायला कोण घालणार? हायवेवर सोडलेल्या पोहा-पापडसाठीही प्रश्न हाच होता. रागावणं सोपं असतं. पाचशे लोक एका दिवसात रागावू शकतात. रोज सकाळी भांड्यात पाणी कोण भरणार, ते मात्र रागावून ठरत नाही.

हे उत्तर १८३४ मध्ये मिळालं. जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजे शेठ मोतीशा, या दोघांनी पुढाकार घेतला आणि भुलेश्वर भागात मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. भटकी कुत्री, जखमी आणि म्हातारी जनावरं यांच्यासाठी हक्काची जागा. त्यांनी नुसती देणगी देऊन विषय संपवला नाही. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालाच्या उलाढालीवर ठरावीक धर्मादाय कापून पांजरपोळीला द्यायचं ठरवलं. एकाचा उत्साह संपला तरी जनावरांचा चारा थांबणार नाही अशी ती सोय होती. आज जवळपास दोनशे वर्षांनीही भुलेश्वरच्या गर्दीत ती पांजरपोळ चालू आहे. आत आता मुख्यतः गाई दिसतात.

जमशेटजींच्या कामाची पद्धतच अशी होती. १८२२ मध्ये त्यांनी मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कर्जापायी अडकलेल्या गरिबांची देणी स्वतः फेडली. हॉस्पिटलसाठी लाख रुपये दिले आणि १८४५ मध्ये जेजे हॉस्पिटल सुरू झालं. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी लोक होडीनं ओलांडायचे आणि पावसाळ्यात माणसं बुडायची. सरकार पूल बांधेना, तेव्हा आवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच, कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. माहीम कॉजवे तोच. १८५७ मध्ये जेजे स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्याच वर्षी त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. १४ एप्रिल १८५९ ला ते गेले. बाटल्यांच्या दुकानात आलेला मुलगा शहराच्या बोर्डांवर कायमचा राहिला.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. डॅशहंडची रील बघून पिल्लू घेणारे खूप आहेत. पण ही जात जर्मनीत बिळात घुसून बिज्जू पकडायला तयार केली गेली, म्हणून पाठ लांब आणि पाय आखूड. त्या पाठीचे मणके नाजूक असतात. सोफ्यावरून उड्या मारल्या, जिने चढले, वजन वाढलं की मणका दुखावतो. काही वेळा मागचे पायच लुळे पडतात. मग डॉक्टर, औषधं, खर्च. नीट सांभाळलं तर हे कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. म्हणजे आज तुम्ही एफवायला असाल, तर ते तुमच्या लग्नातही असेल! रीलमध्ये हे कुणी सांगत नाही. मग एखाद्या शनिवारी गाडी हायवेला थांबते आणि दार उघडतं.

आमच्या घरात आता एक वही आहे. पोहाचा आणि पापडचा खर्च एकत्र लिहायचा, महिनाअखेरीला आत्या आणि बाबांनी निम्मा निम्मा करायचा. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून माझे तीनशे रुपये त्यात जातात. रक्कम छोटी आहे, पण ती दर महिन्याला जाते. जिन्यावरून पापडला उचलून न्यायची ड्युटी माझ्या भावाची. खुर्चीला आजोबांनी फळीचा उतार करून दिलाय.

तुमच्या मनात कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पण आधी अशी एक वही करा. त्यात पैसे कोण देणार, परीक्षेच्या दिवसांत फिरवायला कोण नेणार, तुम्ही नोकरीला पुण्या-मुंबईला गेलात की कोण सांभाळणार, हे नावानिशी लिहा. सगळ्या ओळी भरल्या की मगच पिल्लाला हात लावा.

जमशेटजींची गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत. रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी तांदळाच्या भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि खुर्चीकडे हात केला. पापड उतारावरून सावकाश खाली आला.