पंडिता रमाबाई : परदेशवास आणि आश्रयदात्यांचे ऋण

एकोणिसाव्या शतकातील प्रवासवर्णने वाचताना प्रवाशाने काय पाहिले, एवढेच आपण बहुधा विचारतो. त्याच्या भाड्याचे आणि जेवणाखाण्याचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न मागे राहतो. पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) चरित्रात तो टाळता येत नाही.

१८८२ साली त्या पुण्यात आल्या. आईवडील, भाऊ आणि पती यांना त्या गमावून बसल्या होत्या. पदरी वर्षाची मनोरमा होती. संस्कृत पांडित्य विपुल होते, द्रव्य नव्हते. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. पुढे वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला जाण्याचे ठरले, तेव्हा प्रवासखर्च त्यांनी आपल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नातून भागवला. तेथील निवासाची सोय वाँटेजच्या सेंट मेरी संघाने केली. या संघाच्या सिस्टर पुण्यातही काम करीत. हिंदुस्थानात येणाऱ्या सिस्टरांना रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि त्याबदल्यात त्यांना आश्रय व शिक्षण मिळावे, असा हा व्यवहार होता. वरवर पाहता तो बरोबरीचाच होता.

एप्रिल १८८३ मध्ये त्या निघाल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुर्दैवी अंत झाला. सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आता आश्रयदात्यांशी मतभेद उरणार नाहीत असे आपल्याला वाटेल. वस्तुतः ते तेथून वाढले. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांचा शाकाहार सिस्टर जेराल्डीन यांना जातीचा अभिमान वाटे. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्या विचारीत. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला. सर्वांत बोचरा वाद मनोरमेच्या धार्मिक शिक्षणाचा होता. पोशिंद्याने लेकीच्या श्रद्धेवरही हक्क सांगावा, हे या मातेला मान्य होणे शक्य नव्हते. सिस्टर जेराल्डीन यांची माया खोटी नव्हती, हेही ध्यानात ठेवा. दोघींचा पत्रव्यवहार वाचताना उपकार आणि अधिकार यांतील सीमा किती पुसट असते, ते जाणवते.

१८८६ च्या आरंभी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. थोड्या दिवसांचा मुक्काम जवळजवळ तीन वर्षे लांबला. येथे त्यांनी साहाय्य मागण्याची रीतच बदलली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगावी व्याख्याने दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. विधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य मिळेल आणि शाळेत धर्माची सक्ती असणार नाही, असे ठरले. मुदत व अटी आधी उघड झाल्या, हा मला वाँटेजच्या अनुभवाचाच परिणाम वाटतो.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. येथे पैसा अमेरिकेचा आणि मुली पुण्याच्या घरांतील, अशी स्थिती होती. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागताच संशय वाढला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. अनेक मुलींनी पुढे खरोखरच धर्मांतर केले. बोस्टनने मात्र हात आखडता घेतला नाही.

तरीही दहा वर्षांची मुदत संपणार हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या आणि फळझाडे लावली. त्या बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा त्यांचा हिशेब होता.