विश्लेषण : मोटरबोटीचे सिलिंडर हेड निवडताना सर हॅरी रिकार्डो का आठवावेत?

मोटरबोटीच्या इंजिनाची ताकद वाढवायची ठरली की चर्चा हमखास सिलिंडर हेडपाशी येते. हेड बदलले तर त्याच इंजिनातून जास्त अश्वशक्ती मिळू शकते. पण निवड चुकली तर पिस्टन भाजून निघतो आणि किनाऱ्यापासून दूर बोट बंद पडते. हेडच्या पोकळीचा आकार इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर शोधण्यात एका ब्रिटिश अभियंत्याने आयुष्य घालवले. त्यांचे नाव सर हॅरी रिकार्डो.

हॅरी रिकार्डो कोण होते?

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजी लंडनमध्ये झाला. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांच्याच घराण्यातले हे कुटुंब. वडील हॅल्सी रिकार्डो वास्तुविशारद होते. कोलकात्याच्या हावडा स्थानकाची लाल विटांची इमारत त्यांच्याच आराखड्यानुसार उभी राहिली. आईचे वडील सर अलेक्झांडर रेंडेल हे भारतीय रेल्वेचे सल्लागार अभियंता होते आणि सिंधू नदीवरचा सक्करचा लॅन्सडाउन पूल ही त्यांची गाजलेली रचना. नातवाने आजोबांच्या कंपनीत जावे, पूल आणि रेल्वेची कामे करावीत, अशी घरातली अपेक्षा. हॅरी काही वर्षे तिथे गेलेही, पण त्यांचा जीव रमला तो इंजिनात.

इंजिनाकडे ते कसे वळले?

केंब्रिज विद्यापीठात शिकत असताना तिथल्या ऑटोमोबाइल क्लबने एक स्पर्धा ठेवली होती. साधारण सव्वा लिटरहून थोड्या कमी पेट्रोलमध्ये कोण सर्वात लांब जातो, ते पाहायचे होते. रिकार्डो स्वतः बनवलेले एका सिलिंडरचे इंजिन लावलेली मोटारसायकल घेऊन उतरले. स्पर्धेतले हे सर्वात जड इंजिन होते, तरी सुमारे ६४ किलोमीटर जाऊन त्यांनी स्पर्धा जिंकली. त्यामुळे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी या विद्यार्थ्याला इंजिनावरच्या संशोधनात ओढले.

त्या काळी पेट्रोल इंजिनाला एक रोग होता. भार वाढला की आतून हातोडीचे घाव बसल्यासारखे ठोके ऐकू येत. ठिणगी पडण्याआधीच तापलेल्या भागामुळे पेट्रोल पेट घेते, म्हणून हे ठोके येतात, असा सर्वसाधारण समज होता. हॉपकिन्सन आणि रिकार्डो यांच्या प्रयोगांतून वेगळेच चित्र पुढे आले. ठिणगी वेळेवरच पडते, ज्योत पुढे सरकू लागते आणि तिच्यासमोर कोंडलेला उरलेला वायू दाबाने व उष्णतेने एकदम स्वतःहून पेटतो. हाच तो ठोका, म्हणजे आजच्या भाषेत नॉकिंग. रोगाचे कारण बदलले तसा उपायही बदलला. नुसते इंजिन थंड ठेवून भागणार नव्हते. हेडचा आकार आणि इंधनाचा दर्जा या दोन्हींकडे पाहणे भाग होते.

बोटींशी त्यांचा संबंध कसा आला?

त्यांचे चुलतभाऊ राल्फ यांनी शोरहॅम-बाय-सी या बंदराच्या गावी मोटारींचा छोटा कारखाना काढला. तिथल्या डॉल्फिन मोटारीसाठी हॅरी यांनी टू-स्ट्रोक इंजिन तयार केले. मोटार उत्तम होती, पण विक्रीच्या किमतीपेक्षा ती बनवण्याचा खर्च जास्त. त्यापेक्षा मच्छीमार बोटींसाठी टू-स्ट्रोक इंजिने बनवण्याचा धंदा बरा चालला. तरीही १९११ मध्ये कंपनी बंद पडली आणि राल्फ भारतात निघून गेले. हॅरी यांचा शोरहॅमशी संबंध मात्र तुटला नाही. १९१५ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये तिचे बस्तान याच गावी बसवले.

रणगाड्याच्या इंजिनाचे प्रकरण काय?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांचे सुरुवातीचे रणगाडे धुराचे लोट सोडत. लपून बसलेला रणगाडा इंजिन चालू होताच शत्रूला दिसे आणि आतल्या माणसांच्या जिवावर बेते. नवे इंजिन बनवण्याचे काम रिकार्डो यांच्याकडे आले. अटी कठीण होत्या. अ‍ॅल्युमिनियम विमानांसाठी राखीव होते, त्यामुळे ते वापरता येणार नव्हते. पेट्रोलही हलक्या दर्जाचे मिळणार होते. शिवाय रणगाडा तीव्र चढावर असतानाही तेलपुरवठा चालू राहायला हवा होता.

त्यांनी १५० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन तयार केले. त्यातला पिस्टन मोठ्या जहाजी इंजिनांप्रमाणे क्रॉसहेडला जोडलेला होता. त्यामुळे वंगणाचे तेल वर जाऊन जळणे थांबले आणि धूरही थांबला. १९१८ च्या लढायांत उतरलेले मार्क ५ रणगाडे याच इंजिनावर चालले. याच युद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, त्यांचे गुरू हॉपकिन्सन विमान अपघातात मरण पावले.

टर्ब्युलंट हेड म्हणजे काय?

त्या वेळच्या बहुतेक मोटारींत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असत. बनवायला स्वस्त, पण हेडखालची पोकळी सपाट आणि पसरट. ज्योतीला दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायला वेळ लागे आणि तेवढ्यात तिथला वायू ठोका देई. रिकार्डो यांनी पोकळी व्हॉल्व्हच्या बाजूला एकवटली आणि पिस्टनच्या दूरच्या भागावर हेडचे छत अगदी खाली आणले. पिस्टन वर येताना या चिंचोळ्या फटीतला वायू जोराने पिळून बाहेर पडतो, पोकळीत घुसळण होते आणि ज्योत झपाट्याने पसरते. फटीत जो थोडा वायू उरतो तो दोन्ही बाजूंच्या धातूमुळे थंड राहतो, म्हणून पेटत नाही. बाकीचे इंजिन तेच ठेवून केवळ हेड बदलल्याने साधी इंजिने महागड्या इंजिनांच्या जवळ जाऊ लागली. परवाने घेऊन आणि न घेताही अनेक कारखान्यांनी ही रचना वापरली. पेटंटसाठी रिकार्डो यांना न्यायालयातही जावे लागले.

इंधनाच्या ऑक्टेनशी त्यांचा काय संबंध?

शेल समूहासाठी त्यांनी ई-३५ नावाचे प्रयोगाचे इंजिन बांधले. ते चालू असतानाच त्याचा कॉम्प्रेशन रेशो बदलता येई. हेन्री टिझार्ड आणि डेव्हिड पाय या दोन शास्त्रज्ञांसह त्यांनी अनेक इंधने तपासली. कोणते इंधन किती दाबापर्यंत ठोका न देता जळते, याची त्यांनी टोल्युइनच्या आधारे क्रमवारी लावली. पुढे अमेरिकेत ठरलेल्या ऑक्टेन क्रमांकामागे हाच विचार होता. डिझेल इंजिनासाठी त्यांनी कॉमेट नावाची ज्वलनकक्षाची रचना केली. १९३० च्या दशकात ती लंडनच्या बसगाड्यांत दिसू लागली. १९२९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९४८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १८ मे १९७४ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मग आज बोटमालकाने काय पाहावे?

मोटारीचे इंजिन बराच वेळ अर्ध्याहून कमी ताकदीवर चालते. वेगाने जाणाऱ्या बोटीचे इंजिन मात्र सतत घाट चढत असल्यासारखे असते. उतार नाही आणि गिअर बदलून मिळणारी उसंतही नाही. वारा आणि इंजिनाच्या आवाजात ठोके ऐकूही येत नाहीत. म्हणून मोटारीला चाललेले हेड बोटीला चालेलच असे नाही.

पहिला प्रश्न पोकळीच्या मापाचा. ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनात एका सिलिंडरचे माप सुमारे ७१६ घनसेंटिमीटर असते. पिस्टन आणि गॅस्केटची मिळून १६ घनसेंटिमीटर जागा धरली, तर ७६ घनसेंटिमीटर पोकळीच्या हेडने कॉम्प्रेशन रेशो सुमारे ८.८ येतो. ६४ घनसेंटिमीटरचे हेड बसवले तर तो जवळपास १० होतो. धक्क्यावर साधेच पेट्रोल मिळणार असेल तर हा फरक धोक्याचा ठरू शकतो. हेड घेण्याआधी आपल्या पिस्टनचे माप घेऊन हा हिशेब मांडणे गरजेचे आहे.

दुसरा प्रश्न रिकार्डो यांच्या चिंचोळ्या फटीचा. कॉम्प्रेशन कमी करायचे म्हणून जाड गॅस्केट घातले की फट रुंदावते, घुसळण कमी होते आणि ठोके टळण्याऐवजी वाढू शकतात. रेशो कमी करायचा तर मोठ्या पोकळीचे हेड किंवा खोलगट पिस्टन हा बरा मार्ग.

तिसरा प्रश्न हवेच्या वाटेचा. मोठे पोर्ट कागदावर जास्त अश्वशक्ती दाखवतात, पण ती वरच्या आरपीएमला. कमी फेऱ्यांवर त्यांतून हवेचा वेग मंदावतो आणि बोट पाण्यावर उचलली जाण्यासाठी लागणारा टॉर्क नेमका तिथे कमी पडतो. पंखा ज्या आरपीएमपर्यंत इंजिनाला फिरू देतो, त्यालाच जुळणारे पोर्ट हवेत.

चौथा प्रश्न धातूचा. अ‍ॅल्युमिनियमचे हेड हलके असते आणि उष्णता लवकर वाहून नेते. पण इंजिन थेट समुद्राच्या पाण्याने थंड होत असेल तर खारे पाणी ते कुरतडते. तिथे बिडाचे हेड बरे, किंवा इंजिनात कूलंट फिरवणारी हीट एक्स्चेंजरची बंद व्यवस्था आधी बसवावी. एग्झॉस्ट व्हॉल्व्हही सततची उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचेच घ्यावेत.

हेडची जाहिरात बहुधा सर्वाधिक अश्वशक्तीचा आकडा सांगते. इंधन, कॉम्प्रेशन, फट आणि आरपीएम यांचा मेळ बसतो की नाही, हे मात्र घेणाऱ्यालाच तपासावे लागते. रिकार्डो यांचे बरेचसे संशोधन याच मेळाबद्दल होते.