टाळू भरते, पण कवटीच्या तळाची छिद्रं का वाढतात? वाचा डॉ. रुडॉल्फ फिरखो यांची गोष्ट

बाळाची टाळू भरली का, हे घरातली आजी डोक्यावरून हात फिरवून सांगते. पण कवटीच्या तळालाही छिद्रं असतात, आणि ती भरून चालत नाही. बाळाबरोबर ती मोठी व्हावी लागतात. मज्जारज्जू, नसा आणि रक्तवाहिन्या याच वाटांनी जातात. त्यातलं सगळ्यात मोठं छिद्र म्हणजे फोरामेन मॅग्नम. प्रौढ माणसात त्याची लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर असते.

हाडातलं छिद्र वाढतं कसं?

जन्माच्या वेळी या छिद्राभोवतीचं हाड चार तुकड्यांत असतं. तुकड्यांच्या मध्ये कूर्चा असते. कूर्चा वाढते, तिचं हाड होत जातं, तुकडे एकमेकांपासून सरकतात आणि छिद्र रुंदावतं. शिवाय कडेचं हाड काही ठिकाणी झिजतं, काही ठिकाणी नव्यानं चढतं. ही वाढ पहिल्या काही वर्षांत सर्वात वेगानं होते. शाळेत जायच्या वयाच्या आसपास तुकडे जुळतात आणि छिद्राचा आकार जवळपास ठरून जातो. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. सांधा लवकर बंद झाला, तर वाट अरुंदच राहते.

कवटी ही घडत जाणारी गोष्ट आहे आणि तिचा आकार सांधे कधी बंद होतात यावर ठरतो, हे ठासून मांडणाऱ्यांत जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांचं नाव आघाडीवर आहे.

कोण होते फिरखो?

जन्म १३ ऑक्टोबर १८२१, प्रशियातल्या शिफेलबाइन या छोट्या गावात. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. १८४३ मध्ये बर्लिनमध्ये ते डॉक्टर झाले. १८४८ च्या सुरुवातीला सरकारनं त्यांना अप्पर सायलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवलं. परत येऊन त्यांनी साथीचं खापर गरिबी, अज्ञान आणि सरकारी अनास्थेवर फोडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बर्लिनच्या उठावात ते रस्त्यावर उतरले. बर्लिनमध्ये राहणं अवघड झालं आणि १८४९ मध्ये ते वुर्झबर्गला प्राध्यापक म्हणून गेले.

कवटीकडे लक्ष कसं वळलं?

वुर्झबर्गच्या परिसरात क्रेटिनिझम हा आजार होता. त्यात मुलांची शरीराची आणि बुद्धीची वाढ खुंटते. या आजाराचा माग काढताना फिरखो कवट्यांकडे वळले. १८५१ मध्ये त्यांनी एक नियम मांडला. कवटीचा एखादा सांधा वेळेआधी जुळला, तर त्याच्या आडव्या दिशेनं वाढ थांबते आणि डोकं दुसऱ्या दिशेनं वाढतं. लहान मुलांच्या डोक्याच्या वेगळ्या आकाराचं निदान करताना हा नियम आजही शिकवला जातो.

१८५६ मध्ये ते बर्लिनला परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी कवटीच्या तळाच्या वाढीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. तळाची वाढ अडली की चेहरा आणि मेंदूची ठेवणही बदलते, असं त्यांनी त्यात मांडलं.

ते चुकले कुठे?

क्रेटिनिझममध्ये तळाची हाडं वेळेआधी जुळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे कळलं की थायरॉइडच्या कमतरतेत हाडं जुळायला उलट उशीर होतो. निअँडरथल माणसाची कवटीही त्यांनी आजारी माणसाची ठरवली होती. तीही चूकच निघाली.

मात्र मोजमापाचा हट्ट त्यांनी सोडला नाही. जर्मनीतल्या ६७ लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या केस, डोळे आणि त्वचेच्या रंगाची नोंद त्यांनी करवून घेतली. १८८६ मध्ये निष्कर्ष आले आणि शुद्ध जर्मन वंशाच्या कल्पनेला आकड्यांचा आधार मिळाला नाही. नगरसेवक म्हणून बर्लिनला भुयारी गटारं मिळावीत यासाठीही ते झटले.

जानेवारी १९०२ मध्ये ट्राममधून उतरताना पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचं निधन झालं.

आज याचा उपयोग काय?

अकाँड्रोप्लेझिया या जन्मजात आजारात कूर्चेपासून होणारी हाडाची वाढ मंदावते आणि तळाचे सांधेही लवकर जुळतात. फोरामेन मॅग्नम अरुंद राहतं, मेंदूच्या देठावर दाब येतो आणि झोपेत बाळाचा श्वास अडखळू शकतो. म्हणून अशा बाळांची पहिल्या दोन वर्षांत बारकाईनं तपासणी केली जाते. गरज वाटल्यास एमआरआय काढतात आणि दाब जास्त असेल तर शस्त्रक्रियेनं छिद्र रुंद करतात. टाळूवर हात ठेवून हे कळत नाही. त्यामुळे असं निदान झालेल्या बाळाची तपासणीची तारीख पुढे ढकलू नये.