पिकअपचं पेडल, आमचे काका आणि रॉबर्ट बॉश

पिकअपच पिकअप घेत नाही, असं काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. पण पुढचं ऐकल्यावर हसू थांबलं. संभाजीनगर रोडवर टँकरला ओव्हरटेक करायला त्यांनी पेडल दाबलं, गाडी दोन क्षण नुसती विचार करत राहिली आणि समोरून बस आली. मागे मोसंबीचे क्रेट भरलेले. काका कसेबसे डावीकडे परत आले.

त्या शनिवारी मी जालन्याला गेलो. मस्तगडला आमच्या घरासमोर गाडी उभी होती. मी सॉफ्टवेअरवाला, हात काळे करायची सवय नाही. पण ओबीडी डोंगल आणि मोबाईल एवढं माझ्याकडे होतं. आधी साध्या गोष्टी बघितल्या: पेडलखाली मॅट अडकलंय का (हसू नका, बऱ्याचदा तेच असतं), एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचा पाईप. सगळं ठीक. मग अ‍ॅपमध्ये पेडलचं रीडिंग लावलं. काकांनी पेडल तळापर्यंत दाबलं तरी आकडा ६८ टक्क्यांच्या पुढे जाईना, आणि सुरुवातीला थोडं दाबलं की मध्येच खाली पडायचा.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आताच्या डिझेल गाडीत पेडलला वायर, म्हणजे ती जुनी लोखंडी केबल, नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. दोघेही वेगवेगळं व्होल्टेज पाठवतात, साधारण एक दुसऱ्याच्या दुप्पट. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, दोन्ही जुळतात का बघतो आणि मग डिझेल किती सोडायचं ते ठरवतो. आपण पेडल दाबतो म्हणजे फक्त विनंती करतो. काकांच्या गाडीची विनंतीच अर्धवट पोचत होती.

काकांनी आधीच एक स्वस्तातलं, बिननावाचं पेडल आणून ठेवलं होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, बोल्ट खोलले, सहा पिनांचं सॉकेट बदललं. पंधरा मिनिटांचं काम. चावी फिरवली आणि इंजिनचा दिवा लागला. नव्या पेडलचे दोन सेन्सर एकमेकांशी जुळतच नव्हते, त्यामुळे ईसीयूने गाडीला लंगडत घरी पोचण्यापुरतीच ताकद दिली.

काका वैतागले. पूर्वी बरं होतं, केबल थेट मायकोच्या पंपाला जायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पिढीतल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी हे मायको असतं. ते नाव कुठून आलं हे शोधता शोधता मी ज्या माणसापर्यंत पोचलो, त्याला जाऊन ८० वर्षं उलटून गेली आहेत.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. बारा भावंडांत अकरावे. घरची शेती आणि खानावळ, खाऊन-पिऊन सुखी. उल्ममध्ये ते बारीक यंत्रांचं काम शिकायला एका उस्तादाकडे राहिले, पण उस्तादाचं शिकवण्याकडे फारसं लक्ष नव्हतं. तो राग त्यांनी आयुष्यभर धरला. पुढे १९१३ मध्ये स्वतःच्या कारखान्यात शिकाऊ मुलांसाठी वेगळा विभाग काढला, त्याचं मूळ मला तरी तिथेच दिसतं. आयटीआय केलेल्या माझ्या मित्रांना हे लगेच कळेल.

१८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले, एडिसनच्या कारखान्यात काम केलं, मग इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे. परत आले आणि १५ नोव्हेंबर १८८६ ला श्टुटगार्टमध्ये स्वतःचं वर्कशॉप उघडलं. भांडवल वडिलोपार्जित १०,००० मार्क. सोबत एक मेकॅनिक आणि एक पोऱ्या. टेलिफोन बसवणं, विजेची घंटा दुरुस्त करणं, येईल ते काम. पहिली काही वर्षं इतकी वाईट गेली की माणसं कमी करावी लागली, दुकान बंद पडायची वेळ आली. गिऱ्हाइकांकडे ते सायकलवर जायचे. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण स्टार्टअपच्या गोष्टी सांगणारे नेमका तोच गाळतात.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनमध्ये ठिणगी पाडणारं यंत्र. तो बॉश यांचा शोध नव्हता. डॉइट्झ कंपनीच्या इंजिनवर तो आधीच होता. त्यांनी जाऊन बघितला, पेटंट नाही याची खात्री केली आणि सुधारून बनवला. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, तोच मॅग्नेटो एका तीनचाकी मोटरगाडीवर बसवायचा होता. अडचण अशी की जागेवर चालणाऱ्या इंजिनापेक्षा गाडीचं इंजिन कितीतरी जोरात फिरतं, आणि जुना मॅग्नेटो तेवढ्या भराभर ठिणग्या देऊ शकत नव्हता. म्हणजे प्रश्न रिस्पॉन्सचाच! तो सोडवला त्यांच्याकडच्या आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी. १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी स्पार्क प्लगसह हाय व्होल्टेज मॅग्नेटो तयार केला आणि कंपनी जगभर गेली. ड्रिल मशीनवर गोलात जी खूण दिसते ना, ती त्या मॅग्नेटोच्या आतल्या भागाची आकृती आहे.

माझ्या मते बॉश स्वतः फार मोठे संशोधक नव्हते. मोठे तपासनीस होते. दुसऱ्याने लावलेला शोध आपल्या नावाने बाहेर जाताना तो रोज, प्रत्येक नगात चाललाच पाहिजे, यावर ते अडून बसायचे. १९०६ मध्येच त्यांनी कारखान्यात आठ तासांची पाळी आणली, म्हणून बाकीचे कारखानदार त्यांना ‘लाल बॉश’ म्हणायचे. तरी १९१३ मध्ये त्यांच्याकडे संप झालाच. पहिल्या महायुद्धातल्या नफ्याचा मोठा भाग त्यांनी नेकार नदीच्या कालव्यासारख्या सार्वजनिक कामांना देऊन टाकला. १९२१ मध्ये त्यांचा मुलगा लांबलेल्या आजाराने गेला. त्याचं नावही रॉबर्टच होतं.

आणि त्यानंतर, साठी ओलांडल्यावर, या माणसाने डिझेलला हात घातला. १९२२ च्या अखेरीस काम सुरू झालं आणि १९२७ मध्ये डिझेल पंपाचं उत्पादन. या पंपात बारीक दट्ट्या असतात, त्यांच्या अंगावर तिरका खाचा. पेडल दाबलं की एक दांडी सरकते, दट्ट्या थोड्या फिरतात आणि डिझेलचं माप बदलतं. दट्ट्या आणि नळी यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. माप चुकलं की गाडी धूर ओकते, नाहीतर चढावर मरते. काकांची लाडकी केबल जायची ती या दांडीकडे.

शेवटची वर्षं सोपी नव्हती. हिटलरचं राज्य त्यांना पटत नव्हतं. ज्यूंना देशाबाहेर काढायला त्यांनी पैसा दिला, कंपनीतले जवळचे लोक हिटलरविरोधी गटाला मदत करत होते. पण त्याच कंपनीने युद्धाचा माल बनवला आणि जबरदस्तीने आणलेल्या हजारो मजुरांना राबवलं. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. १२ मार्च १९४२ ला ते वारले, तर ज्या सरकारचा त्यांना तिटकारा होता त्यानेच सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार केले. आज कंपनीचे ९० टक्क्यांहून जास्त शेअर त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहेत.

भारतात बॉशचा माल १९२२ मध्ये कलकत्त्याच्या एजन्सीतून आला. १९५१ मध्ये बंगळुरूला मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडा, झालं मायको. पुढे नाशिकला सातपूरमध्ये कारखाना आला. २००८ मध्ये नाव बदललं, ड्रायव्हरांनी नाही बदललं. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आडवं-उभं ओळखणारा सेन्सर असतो, तोही बऱ्याच फोनमध्ये याच कंपनीचा असतो.

काकांच्या गाडीचं सांगायचं राहिलं. बिननावाचं पेडल परत केलं, गाडीच्या पार्ट नंबरचं मागवलं. अ‍ॅपमध्ये दोन्ही आकडे हातात हात घालून वर गेले, तळाशी १०० च्या अगदी जवळ. रिस्पॉन्स सुधारला, पण सगळा नाही. टर्बो फुलायला लागतो तेवढा वेळ लागतोच, तो पेडल बदलून जात नाही. ऑनलाइन मिळणारे ‘पेडल बूस्टर’ तर फक्त कमी दाबलेलं जास्त दाबल्यासारखं सांगतात, ताकद एक कणही वाढत नाही. काकांना ते घ्यायचं होतं. मी नको म्हणालो, आणि ओव्हरटेक करताना थोडं जास्त अंतर ठेवा म्हणालो. ते ऐकतील असं वाटत नाही.

जुनं पेडल मी ओट्यावर बसून उघडलं. आतल्या पट्टीवर जिथे सरकता काटा रोज घासायचा, तिथे काळा थर पार उडाला होता. काकांनी चष्मा लावून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला की हे घासत नाही असं का बनवत नाहीत. बनवतात, चुंबकावर चालणारं. नवीन बसवलेलं तसलंच आहे.