मशीनचा विषय कच्चा

आमच्या विंगमधला एक पासआउट सिनिअर मध्यंतरी दोन दिवस हॉस्टेलवर मुक्कामाला होता. नोकरीत तीन वर्षं झाली, प्रमोशनची यादी लागली आणि त्यात ह्याचं नाव नाही. शेरा काय, तर टेक्निकल नॉलेज कमी पडतं! मेसबाहेरच्या कट्ट्यावर रात्री दोनपर्यंत तो तेच तेच सांगत होता. तेव्हा मला स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या पेटंट ऑफिसातला एक माणूस आठवला. पद : तांत्रिक तज्ज्ञ, वर्ग तीन. नाव : अल्बर्ट आईनस्टाईन.

जन्म १४ मार्च १८७९, जर्मनीतलं उल्म. वडील आणि काकांचा विजेच्या यंत्रसामग्रीचा धंदा होता, तो बसला. १९०० साली आईनस्टाईन झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून पास झाला. बरोबर पास झालेल्या मित्रांना तिथेच असिस्टंटच्या जागा मिळाल्या, ह्याला नाही. लेक्चर बुडवायचा आणि प्रोफेसर वेबर यांच्याशी बिनसलेलं. (लगेच खूश होऊ नका, पुढे वाचा.) मग युरोपभरच्या प्रोफेसरांना पत्रं, उत्तराला पैसे पडू नयेत म्हणून सोबत पोस्टकार्ड. वडिलांनी तर पोराला न सांगता लाइपझिगच्या ओस्टवाल्ड यांना हातापाया पडल्यासारखं पत्र लिहिलं. काही झालं नाही.

शेवटी वर्गमित्र ग्रोसमनच्या वडिलांनी पेटंट ऑफिसचे प्रमुख फ्रिडरिश हालर यांच्याकडे शब्द टाकला. वशिला म्हणा हवं तर. जून १९०२ मध्ये नोकरी लागली, पण तात्पुरती. पगार वर्षाला ३५०० फ्रँक. हालरसाहेब कडक. समोर आलेल्या अर्जात संशोधक म्हणतो ते सगळं चुकीचंच आहे असं धरून तपासणी सुरू करायची, ही त्यांची शिकवण. ड्रॉइंग वाचायलाही आईनस्टाईनला तिथेच शिकावं लागलं. म्हणजे आपल्याला फर्स्ट इयरला ईडीने छळलं ते त्याला नोकरीत!

१९०३ ला लग्न झालं, मे १९०४ मध्ये मुलगा झाला. खर्च वाढलेला. त्याच वर्षी सप्टेंबरात नोकरी कायम झाली, पगार ३९०० झाला, पण वर्ग दोनची बढती अडली. हालर यांचं म्हणणं असं, की हा फिजिक्स शिकलेला माणूस, यंत्रशास्त्रावर पूर्ण पकड येईपर्यंत थांबावं. मला विचाराल तर साहेबांचं फार चुकलं नव्हतं. ऑफिस मशीनचे पेटंट तपासायचं, आणि मशीन ह्याला नवीनच होती.

आता खरी दुखरी गोष्ट. त्याच वर्षी त्याचा जिवलग मित्र मिशेल बेसो ह्याच ऑफिसात लागला, आणि थेट वर्ग दोनवर. बेसो मेकॅनिकल शिकलेला. मित्र आपल्यापेक्षा वरच्या खुर्चीवर बसला की काय होतं ते कॅम्पसच्या दिवसांत आपण पाहतोच, दोन-दोन महिने बोलणं बंद. इथे मात्र दोघं ऑफिस सुटलं की बरोबर घरी चालत जायचे, आणि वाटेत विषय प्रकाशाचा, वेळेचा. आठवड्याला सहा दिवस, रोज आठ तास काम करून उरलेल्या वेळातलं हे.

पुढचं वर्ष १९०५. मार्चमध्ये प्रकाशाच्या कणांवरचा पेपर (१९२१ चं नोबेल पुढे ह्यातल्याच कामाला मिळालं), मेमध्ये ब्राउनियन गतीवरचा, जूनमध्ये विशेष सापेक्षतेचा, सप्टेंबरमध्ये वस्तुमान आणि ऊर्जेचा. मधल्या वेळात पीएचडीचा प्रबंधही. हे सगळं लिहिणारा माणूस ऑफिसच्या कागदोपत्री वर्ग तीनच होता! सापेक्षतेच्या पेपरला शेवटी संदर्भांची यादी नाही, आभार फक्त एकाचे मानलेत. त्या वर्ग दोनच्या बेसोचे.

बढती मिळाली १ एप्रिल १९०६ ला, पगार ४५००. त्या वेळी हालर यांनी नव्या डॉक्टरेटची नोंद घेतली, आणि अवघड तांत्रिक अर्ज तो उत्तम हाताळतो असंही नोंदवलं. थोडक्यात, मशीनचा विषय सुटला.

नकार तिथे संपले असंही नाही. १९०७ मध्ये बर्न विद्यापीठात शिकवायची परवानगी मागितली. सोबत छापलेले १७ पेपर जोडले, सापेक्षतेचा धरून. अर्ज नामंजूर, कारण नियमाप्रमाणे वेगळा प्रबंध दिला नव्हता. आपल्याकडे सर्टिफाइड जर्नलशिवाय ओरलला बसू देत नाहीत तसंच. थोडे दिवस धुसफुसला, मग १९०८ च्या सुरुवातीला गुपचूप प्रबंध लिहून दिला आणि परवानगी मिळवली. लेक्चर सकाळी सातला, ऐकायला मोजून तीन जण, त्यातला एक अर्थातच बेसो.

१९०९ मध्ये झुरिक विद्यापीठाने बोलावलं तेव्हा त्याने पेटंट ऑफिसचा राजीनामा दिला. प्रोफेसरकीचा पगार पेटंट ऑफिसाइतकाच ठरला, ४५०० फ्रँक.

पेटंटचा नाद मात्र सुटला नाही. १९३० साली लिओ झिलार्ड आणि आईनस्टाईन यांच्या नावाने अमेरिकेत एका फ्रिजचं पेटंट मंजूर झालं. यंत्रच ते, पण त्यात फिरणारा किंवा हलणारा एकही भाग नव्हता.